पहिल्या वारीला निघताय?

पद, आडनाव घरीच ठेवा. दिंडीत सगळ्यांना एकच हाक: माउली. माझी एकोणतीस वर्षं ‘साहेब’ ऐकण्यात गेली. दिवेघाटात एका आजींनी वाकून माझ्या पायांना हात लावला आणि मी खांबासारखा उभा! तसं करू नका. समोरचा वाकला की आपणही लगेच वाकायचं. वय-जात बघायची नाही. गुडघे धरले असतील तर हात तरी खाली न्या.

टाळ जमत नसेल तर नुसत्या टाळ्या वाजवा. (मी टाळ घेऊन मिरवलो, विणेकऱ्यांनी नुसतं वळून पाहिलं.)

पंढरपुरात पदस्पर्श दर्शन हुकलं तर चिडायचं नाही. महाद्वारातल्या नामदेव पायरीवर डोकं टेकवा. संतांचे पाय लागावेत म्हणून नामदेवांनी समाधीसाठी हीच जागा मागितली, असं सांगतात. तरी आपण पाय न देता ओलांडायची.