शहरातील उद्यानांचा वीस वर्षांचा आराखडा कसा तयार करावा

आराखड्याची सुरुवात नव्या कारंज्यांच्या चित्रांपासून न करता, आज जे आहे त्याच्या नोंदीपासून करावी. प्रत्येक उद्यानाच्या जागेची मालकी, झाडांच्या जाती आणि त्यांची अवस्था, पाण्याचा स्रोत, निचरा, दिवे, स्वच्छतागृहे आणि प्रत्यक्ष कामावर येणारे माळी यांची नोंद झाल्याशिवाय खर्चाचे आकडे मांडणे म्हणजे निव्वळ अंदाजपंचे कारभार होय.

त्यानंतर माणसे मोजावीत. सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीनंतर कोण येते, तसेच स्त्रिया, मुले आणि वृद्ध कोणत्या वेळी दिसेनासे होतात, हे टिपून ठेवावे. हिरवळ तुडवून लोकांनीच पाडलेली पायवाट दिसली, तर तेथे तारेचे कुंपण घालण्याआधी आखलेली वाट कोठे चुकली ते तपासावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने घरापासून सुमारे ३०० मीटरच्या आत निदान अर्धा ते एक हेक्टर हिरवी जागा असावी, असे सुचवले आहे. नकाशावर मात्र हे अंतर सरळ रेषेत मोजले जाते. मध्ये रेल्वेमार्ग किंवा रहदारीचा रुंद रस्ता असेल, तर जवळचे उद्यानही लहान मुलांना दूरच असते. त्यामुळे कधीकधी नव्या उद्यानापेक्षा जुन्याच्या भिंतीत काढलेले दुसरे फाटक अधिक उपयोगी ठरते.

झाडांच्या बाबतीत घाई आणि एकसुरीपणा दोन्ही महागात पडतात. एकाच रोगाने सगळी सावली जाऊ नये यासाठी एका जातीची झाडे १० टक्क्यांहून, एका प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची) २० टक्क्यांहून आणि एका कुळातील ३० टक्क्यांहून अधिक नसावीत, हा वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक सँटामोर यांनी १९९० मध्ये मांडलेला ठोकताळा हाताशी ठेवावा. जुने झाड पडण्याची वाट न पाहता त्याची जागा घेणारे रोप आधीच लावावे, म्हणजे मधली वर्षे उन्हात जात नाहीत.

सर्वांत जास्त विचार देखभालीचा करावा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा मूळ आराखडा १८५८ मध्ये निवडला गेला आणि तो उत्तमच होता. तरीही १९७० च्या दशकात निधी आणि व्यवस्थापन कोलमडल्यावर ते उद्यान उजाड झाले, आणि १९८० मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र संस्थेच्या नियमित कामामुळे ते सावरले. म्हणूनच बांधकामाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत त्याचा वार्षिक देखभालखर्च आणि तो भागवणारे लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातील खर्चाची बाब, लिहून घ्यावे. ते मिळत नसेल, तर प्रस्ताव बाजूला ठेवावा. (उद्घाटनाला निधी मिळतो, नळदुरुस्तीला मिळत नाही, हा अनुभव नवा नाही.)

कामे टप्प्यांत विभागावीत, आधी सर्वाधिक दुर्लक्षित वस्त्या घ्याव्यात आणि दर पाच वर्षांनी त्याच पद्धतीने पुन्हा मोजणी करावी. लागवडीच्या निविदेत रोपे लावल्यावर पूर्ण देयक न देता, काही रक्कम तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जगलेल्या रोपांच्या प्रमाणात देण्याची अट घालावी.