डॅशकॅम लावलाय, पण वेळेला फुटेज मिळेल का? या चुका टाळा

अपघातानंतर घाईघाईने डॅशकॅमचं, म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेवर लावलेल्या कॅमेऱ्याचं, कार्ड काढून बघावं, तर नेमका तोच भाग गायब. गाड्यांच्या इलेक्ट्रिकल कामात ही तक्रार माझ्याकडे सतत येते. बहुतेक वेळा कॅमेरा ठणठणीत असतो. घोळ बसवण्यात, सेटिंगमध्ये नाहीतर नंतरच्या हाताळणीत झालेला असतो.

पोलिसांच्या गाडीतला कॅमेरा कसा चालतो ते आधी समजून घेतलं, तर या चुका लगेच लक्षात येतात. अमेरिकेत ही यंत्रणा अनेक वर्षं वापरात आहे. गाडी सुरू असताना कॅमेरा सतत बघत असतो आणि शेवटचा साधारण अर्धा-एक मिनिट तात्पुरता धरून ठेवतो. टपावरचे दिवे लावले, सायरन वाजला किंवा धडक बसली, की रेकॉर्डिंग आपोआप सुरू होतं आणि आधीचा तो भागही त्याला जोडला जातो. चित्राबरोबर वेळ, ठिकाण, गाडीचा वेग यांची नोंद होते. गाडी ठाण्यात आली की फुटेज वायरलेसने सर्व्हरवर जातं आणि गाडीतल्या कर्मचाऱ्याला ते पुसता येत नाही. म्हणजे प्रसंग सापडला पाहिजे, त्याची वेळ बरोबर पाहिजे आणि त्यात कुणी हात घातलेला नसावा, या तीन गोष्टींची सोय यंत्रणेतच आहे. आपल्या गाडीत ती सोय आपल्यालाच करावी लागते.

जी-सेन्सर ‘हाय’वर ठेवणं

सोलापुरात सर्वात जास्त दिसणारी चूक हीच. आपला कॅमेरा एक, तीन किंवा पाच मिनिटांच्या फाइल बनवतो आणि कार्ड भरलं की सर्वात जुनी फाइल पुसून तिच्या जागी नवी लिहितो. फुल एचडीमध्ये ६४ जीबीच्या कार्डावर साधारण आठ-दहा तास मावतात. मागचाही कॅमेरा असेल तर त्याच्या निम्मे. धक्का बसला की जी-सेन्सर, म्हणजे धक्का ओळखणारा कॅमेऱ्यातला भाग, ती फाइल लॉक करतो, मग ती पुसली जात नाही. सेन्सर ‘हाय’वर असला की प्रत्येक खड्डा आणि स्पीडब्रेकर त्याला अपघात वाटतो. एमआयडीसीतून अक्कलकोट रोडने रोज ये-जा करणाऱ्याचं कार्ड अशा लॉक फाइलींनीच भरून जातं. मग नव्या रेकॉर्डिंगला जागा उरत नाही, किंवा कॅमेरा ‘कार्ड फुल’ दाखवून गप्प बसतो. सेन्सर ‘लो’वर ठेवा आणि महिन्यातून एकदा कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. मोबाइलमधलं जुनं कार्ड यात घालू नका. सतत लिहून-पुसून ते लवकर खराब होतं, म्हणून ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलंच घ्या.

चुकीची वेळ

स्वस्त कॅमेऱ्यांत बऱ्याचदा चीनची वेळ भरलेली असते, आपल्यापेक्षा अडीच तास पुढची. जीपीएस असलेला कॅमेरासुद्धा टाइम झोन +५:३० केला नसेल तर चुकीचीच वेळ छापतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली नियम १६७-अ आला. पोलिसांच्या डॅशबोर्ड कॅमेऱ्यावरून चलान करायचं तरी फुटेजवर ठिकाण, तारीख आणि वेळ असावी लागते, असं त्यात आहे. तारीख भरलीच नाही म्हणून तुमच्या फुटेजवर जानेवारीची पहिली तारीख दिसली, तर समोरचा वकील पहिला प्रश्न तिथेच विचारणार.

ऊन, वायर आणि बॅटरी

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असतो. उन्हात लावलेल्या बंद गाडीत काचेजवळचं तापमान त्याच्या कितीतरी वर जातं. लिथियम बॅटरीचा कॅमेरा तिथे फुगतो आणि सक्शन कपही सुटून पडतो. बॅटरीऐवजी सुपर कपॅसिटर (वीज साठवणारा, उष्णता जास्त सोसणारा भाग) असलेला कॅमेरा घ्या आणि तो आरशामागे, वायपर फिरतो त्या पट्ट्यात चिकटवा.

वायर लपवताना एक काळजी घ्याच. काचेच्या कडेच्या खांबात कर्टन एअरबॅग (बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) असेल तर वायर तिच्या मागून न्या. वायर एअरबॅगवरून ओढली असेल तर धडकेच्या वेळी ती नीट उघडण्यात अडथळा येऊ शकतो. असं काम दिसलं की मी ते आधी सोडवायला लावतो. पार्किंग मोड, म्हणजे गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग, हवा असेल तर थेट गाडीच्या फ्यूज बॉक्सला जोडायचं तीन वायरींचं हार्डवायर किट घ्या आणि कटऑफ, म्हणजे बॅटरी उतरल्यावर कॅमेरा बंद होण्याची मर्यादा, १२.२ व्होल्टवर ठेवा. त्याहून खाली ठेवलंत आणि गाडी दोन-चार दिवस उभी राहिली, तर सकाळी सेल्फ लागणार नाही.

रात्रीचा नंबर

गाळप हंगामात मोहोळ-पंढरपूरच्या रस्त्यांवर रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात. ट्रॉली कॅमेऱ्यात दिसते, पण आपल्या हेडलाइटचा उजेड नंबर प्लेटवर पडून ती पांढरीफट्ट होते. एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) थोडं मायनसमध्ये घ्या, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ ठेवा आणि काच आतूनही पुसा. इतकं करूनही नंबर उठेलच असं नाही. म्हणून आवाजाचं रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि दिसलेला नंबर तिथल्या तिथे मोठ्याने वाचा. गाडीत प्रवासी असतील तर आवाज रेकॉर्ड होतोय हे त्यांना आधी सांगा.

अपघातानंतरची घाई

लॉकचं बटण दाबा, कॅमेरा बंद करा, मगच कार्ड काढा. कॅमेरा चालू ठेवून गाडी घरी नेली तर जुन्या फाइलींवर नव्या चढत राहतात.

नंतरची मोठी चूक व्हॉट्सअॅपची. तिथून पाठवलेला व्हिडिओ दाबला जातो, फाइलचं नाव बदलतं आणि मूळ माहिती निघून जाते. कापलेली क्लिपही नको, अख्खी फाइल कॉपी करा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा कॉपीबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेला ओळखीचा आकडा, लिहितात. फाइलमध्ये जरा जरी बदल झाला तरी हा आकडा वेगळा येतो. जुन्या कायद्यातलं ६५-ब प्रमाणपत्रही असंच आवश्यक असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये खोतकर-गोरंट्याल खटल्यात सांगितलं होतं. तो वाद आपल्या जालन्याच्या निवडणुकीचाच होता. मूळ कार्ड मात्र पुन्हा वापरू नका, पाकिटात बंद करून ठेवा.

फुटेज द्यायचं कुठे, यावरही लोक अडतात. शहरात आयुक्तालय आणि बाहेर सोलापूर ग्रामीण पोलीस, अशा दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद हद्दीबाहेरच्या ठाण्यातही घ्यावी लागते, तशी तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. पण अपघात मोहोळजवळ झाला असेल तर तपास तिकडेच जाणार. कार्ड तिथल्या तपास अधिकाऱ्याकडे द्या, पंचनाम्यात त्याची नोंद झाल्याचं स्वतः वाचून बघा आणि देण्याआधी एक कॉपी आपल्याकडे ठेवा.