अँगलसी बेट बघायला जाताय? आधी आपल्या टाऊन हॉलला जाऊन या

कोल्हापुरातनं हल्ली बरेच आईवडील पोरांकडं यूकेला जातात, लिव्हरपूल-मँचेस्टरपर्यंत गेलात तर वेल्सचं अँगलसी बेट सोडू नका. बरेच जण 58 अक्षरी नावाच्या स्टेशनच्या बोर्डापुढं फोटो काढून तसेच माघारी येतात, मला फार हळहळ वाटते, कारण 5000 वर्षांपूर्वीची जागा तिथनं अगदी जवळ आहे.

निघायच्या आधी टाऊन हॉल म्युझियममधला पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, बघून घ्या, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली छोटीशी ब्राँझची मूर्ती. रोमन जगातली ही वस्तू व्यापारातनं पंचगंगेच्या काठापर्यंत आली, आणि अँगलसीला त्याच रोमनांच्या फौजा उतरल्या. एवढं डोक्यात असू द्या.

तिथं पहिल्यांदा ब्रिन केल्ली दी करा. दगडी थडगं आहे, वर मातीचा ढीग. शेताच्या कडेनं चालत जायचं, मोबाईलचा टॉर्च लावून अरुंद बोळातनं आत शिरायचं. 21 जूनच्या आसपास उगवतीची किरणं या बोळातनं थेट आतल्या खोलीत पोचतात. अंबाबाईचा किरणोत्सव बघितलाय ना, मग वेगळं सांगायला नको, फक्त आपल्याकडं मावळतीची किरणं आणि इथं उगवतीची. बाहेरचा नक्षीचा दगड मात्र नक्कल आहे, मूळचा कार्डिफच्या म्युझियममध्ये.

मग बेट आणि वेल्सची मुख्य जमीन यांच्यामधल्या मेनाई सामुद्रधुनीच्या काठावर निवांत उभं राहा. इ.स. 60-61 ला रोमन फौज सपाट बुडाच्या होड्यांतनं इथनंच बेटावर उतरली. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो, समोर काळ्या कपड्यातल्या बाया मशाली घेऊन धावत होत्या, इथल्या लोकांचे ड्रुइड नावाचे पुजारी आकाशाकडं हात करून शाप देत होते, सैनिक जागच्या जागी थिजले. नंतर रोमनांनी ड्रुइडांच्या पवित्र झाडी तोडल्या, म्हणजे आपल्या देवराईच समजा.

वेळ असला तर लानगॅडवालादर गावच्या चर्चमधला इथल्या जुन्या कॅडफन राजाचा लॅटिन शिलालेख बघा, सातव्या शतकातला.

लिन केरिग बाख या तळ्यावर आता बघायला फारसं नाही, पण 1942 ला विमानतळाच्या कामात तिथल्या चिखलातनं दीडशेवर लोखंडी-ब्राँझच्या वस्तू निघाल्या, तलवारी, भाले, रथाचे भाग, देवाला वाहिलेल्या असाव्यात. त्यातली एक साखळी एवढी दणकट की जुनी आहे हे कळायच्या आधी कामगारांनी तिनं चिखलात रुतलेली गाडी ओढली. तीही कार्डिफलाच आहे, कैद्यांच्या गळ्यात घालायची, पाच कड्यांची. तिच्यापुढं जरा थांबा आणि एकेक कडं नीट बघा.