नव्या स्मोकरला विचित्र वास येतोय? सीझनिंग करताना या चुका टाळा

कोळशाचा नवा स्मोकर, म्हणजे धुरात खाणं शिजवायचं झाकणबंद साधन, पहिल्यांदा पेटवला की वास येणारच. पत्रा कापताना, वाकवताना त्याला कारखान्यातलं तेल लागलेलं असतं. गंज चढू नये म्हणून वर वंगणाचा हात फिरवलेला असतो, आणि बाहेरचा उष्णता सोसणारा रंग बऱ्याचदा पहिल्या तापण्यातच पुरता पक्का होतो. तेल-वंगण जळून जावं आणि रंग पक्का व्हावा म्हणूनच तर सीझनिंग, म्हणजे खाणं शिजवण्याआधी आतून तेलाचा पातळ हात देऊन स्मोकर रिकामाच तापवणं. तेव्हा वास आला म्हणून घाबरू नका. कोणता वास आला आणि किती वेळ टिकला, ते ओळखा. गंमत अशी की ते ओळखणं अशक्य करणारी चूक पहिल्याच दिवशी होते.

ती म्हणजे पहिल्याच जाळावर लाकडाचे तुकडे टाकणं. उत्साह समजू शकतो, धुरासाठीच तर स्मोकर घेतला. पण लाकडाचा धूर भरला की वंगण, रंग, प्लास्टिक सगळे वास त्याखाली दडतात आणि नंतर थेट खाण्यात उतरतात. पहिला जाळ नुसत्या कोळशाचा ठेवा. नीट फुललेल्या निखाऱ्यांना धूर जवळजवळ नसतोच, त्यामुळे जो वास येईल तो स्मोकरचा हे नक्की. लाकूड टाकायचं ते हा वास पुरता गेल्यावर.

दुसरी चूक: न धुता, न तपासता पेटवणं. जाळ्या, पाण्याचं भांडं आणि आतल्या भिंती कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने धुवा. वाळल्यावर पांढरं फडकं फिरवून पाहा. तेलकट डाग उमटला तर पुन्हा धुवा. मग हात घालून कोपरे चाचपा. स्टीलवरची पारदर्शक फिल्म तर दिसतही नाही, नखाने उचलून पाहावी लागते. माझ्या स्मोकरमध्ये राखेच्या ताटाखाली माहितीपुस्तिकाच होती, तीही प्लास्टिकच्या पिशवीत. सापडली, पण पेटवल्यानंतर! जळक्या प्लास्टिकचा वास आला तर ‘जाईल आपोआप’ म्हणत बसू नका. हवेच्या झडपा बंद करून जाळ विझवा, गार झाल्यावर वितळलेलं खरवडा, धुवा आणि पहिल्यापासून सुरुवात करा.

धुऊन वाळवल्यावर आतून तेल लावताना हात सढळ नको. तापल्यावर तेलाचा हवेशी संयोग होऊन कडक थर बनतो, बिडाच्या भांड्यावर बनतो तसाच. मात्र तो पातळ असेल तरच. जाड थर वरून आवळतो, आत चिकट राहतो आणि काही आठवड्यांनी खवट वास मारू लागतो. म्हणून तेल लावून झाल्यावर कोरड्या फडक्याने असं पुसा, जणू तेल चुकून लागलं होतं. उशिरा धुरावणारं रिफाइंड तेल घ्या. लोणी नको, त्यातला दुधाचा अंश करपतो. आतून इनॅमल असलेल्या स्मोकरच्या भिंतींना तेलाची गरजच नाही, त्याला एक चांगला जाळ पुरतो. आणि तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसासारख्या तेलाची फडकी आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवा.

रॉकेलसारखा दर्प येत असेल तर दोष बहुधा स्मोकरचा नाही, पेटवणीच्या द्रवाचा किंवा तो मुरवलेल्या कोळशाचा. ताज्या तेलाच्या थरात हा वास बसला की लवकर निघत नाही. चिमणी स्टार्टर (खाली कागद पेटवून वर कोळसा फुलवायचा पत्र्याचा डबा) आणि कागद वापरा, कोळशावर राखाडी राख चढली की मगच आत ओता.

करपट, डोळ्यांना झोंबणारा वास आणि दाट पांढरा धूर म्हणजे जाळाला हवा कमी पडतेय. बरेच जण तापमान उतरवायला वरची झडप आवळतात आणि कोंडलेल्या धुराची काजळी भिंतींवर बसते. वरची झडप पूर्ण उघडी ठेवा, तापमान खालच्या झडपांनी सांभाळा. साधारण १२० ते १३५ अंश सेल्सियसवर दोन-तीन तास चालू द्या, आणि पुस्तिकेत परवानगी असेल तर शेवटी अर्धा तास १७५च्या पुढे न्या. नाहीतर पुढे कधी जास्त तापवाल तेव्हा उरलेला वास परत डोकं वर काढेल. सुरुवातीलाच भडका नको, रंगाला फोड येतात. झाकणावरच्या थर्मामीटरवर फार विसंबू नका. जाळीच्या उंचीवर वेगळा लावा.

दोन-तीन जाळांनंतरही रसायनासारखा वास येत राहिला तर त्यात खाणं शिजवू नका, बनवणाऱ्याला विचारा. मोडलेल्या जाळीऐवजी जस्ताचा मुलामा असलेली जाळी टाकली असेल तर ती आधी काढा. जस्त सुमारे ४२० अंशांना वितळतं, निखाऱ्यांलगत त्याहून जास्त तापमान सहज होतं, आणि त्याचा धूर छातीत गेला तर थंडी वाजून ताप येतो. रंगवलेलं किंवा रसायन लावलेलं लाकूडही कधीच नको.

नाक अजिबात कामाला येत नाही ते कार्बन मोनॉक्साइडपुढे. त्याला वासच नसतो. ‘फक्त सीझनिंगच तर करायचंय’ म्हणून स्मोकर गॅरेजमध्ये किंवा बंद गच्चीत पेटवू नका. उघड्यावरच, भिंतीपासून लांब.

एवढं करूनही महिन्याभराने झाकण उघडल्यावर कुबट वास आला, तर ती बुरशी. राख तशीच ठेवून स्मोकर बंद केला की राख दमट हवेतलं पाणी ओढते, आणि ओली राख पत्राही खाते. राख काढा, कडक जाळ करा, जाळ्या ब्रशने घासून धुवा, मग पुन्हा तेलाचा पातळ हात. पुढच्या वेळी गार झाल्यावर राख लगेच काढा, आणि वर आच्छादन घातलं तरी झडपा थोड्या उघड्या राहू द्या.