रिमोट डेस्कटॉप अडकतंय? प्लॅन वाढवण्याआधी या चुका टाळा

महिन्याची २० तारीख जवळ आली की फोन सुरू होतात. "भाऊ, मोठा प्लॅन घेतला, तरी टॅली अडकतंय." जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं रिटर्न भरायची घाई, कॉम्प्युटर जळगावच्या ऑफिसात आणि माणूस चोपड्याला नाहीतर यावलला घरी बसून रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे इंटरनेटवरून, तोच कॉम्प्युटर चालवणारा. अशा वेळी समजावत बसायची सोय नसते, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे स्पीड भलत्याच टोकाला मोजणं. तुम्हाला दिसणारी स्क्रीन ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून निघते, म्हणजे ऑफिसचं अपलोड (बाहेर पाठवायचा वेग) वापरते. तुमच्याकडून जातं ते माऊस आणि कीबोर्डचं चिमूटभर. घरचं डाउनलोड दुप्पट करा, ऑफिसचं अपलोड भरलेलं असेल तर उपयोग शून्य.

रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याकडे हेच झालं. मुनीम घरून हिशोब लिहायचा. सकाळी सगळं सुरळीत, संध्याकाळी मात्र अक्षर दाबलं की ते उमटायची वाट बघत बसायचं. घरचा राऊटर बदलला, प्लॅन बदलला, एनीडेस्क हे रिमोटचं सॉफ्टवेअर काढून दुसरं टाकलं. ऑफिसात मात्र कुणी डोकावलं नाही. मी गेलो तर कॉम्प्युटर निवांत होता. राऊटरच्या पानावर बघितलं, तेव्हा सगळं अपलोड डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारा डबा, ओढत होता. मालकाचा मुलगा पुण्याला, आणि संध्याकाळी गोदामाचे सगळे कॅमेरे मोबाइलवर फुल एचडीत लावून ठेवायचा! ॲपमध्ये मेन स्ट्रीमऐवजी हलक्या दर्जाचं सब स्ट्रीम केलं, कॉम्प्युटरचं वायफाय बंद करून केबल लावली. खर्च फक्त केबलचा.

दुसरं, एमबीपीएस म्हणजे सगळं नव्हे. पिंग बघा, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते. दोन्ही टोकांवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ping 8.8.8.8 -t चालू ठेवा. आकडा ३० वरून ३०० वर उड्या मारत असेल किंवा मधूनच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येत असेल, तर कितीही एमबीपीएस घ्या, माऊस ओढल्यासारखाच चालणार. मोबाइल हॉटस्पॉटवर हे हमखास होतं.

विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये मी पहिल्यांदा रिझोल्यूशन उतरवतो. १९२० बाय १०८० ऐवजी १३६६ बाय ७६८ केलं की पिक्सेल जवळपास निम्मे होतात. मग वॉलपेपर आणि ॲनिमेशन बंद, रंग १६ बिट, बिटमॅप कॅशिंग (एकदा आलेली चित्रं साठवून पुन्हा वापरणं) चालू. फॉन्ट स्मूदिंग मात्र मराठी पत्रं टाइप करणाऱ्यांनी राहू द्यावं, नाहीतर ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी ओळखायला डोळे फोडावे लागतात. एनीडेस्कमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगला जाऊन चित्राच्या दर्जापेक्षा वेगाला झुकतं माप द्या.

एक्सेलमध्ये माऊसचं चाक फिरवू नका, पेज डाउन दाबा. चाकाच्या प्रत्येक टिचकीला स्क्रीन नव्याने पाठवावी लागते. नवशिक्यांना हे सांगून मी थकलो.

घरचा प्रिंटर आणि ड्राइव्ह रिमोट सेशनला जोडून ठेवायची सवय सोडा. बिल तिथेच पीडीएफ करून मेल करा. मोठी फाइल त्याच सेशनमधून कॉपी करायला लावली की स्क्रीन गोठलीच म्हणून समजा.

आता शॉर्टकटवाल्यांसाठी. व्हीपीएनमुळे (ऑफिसपर्यंतचा सुरक्षित खासगी रस्ता) स्लो होतं म्हणून ते काढून रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट, म्हणजे त्याचं दार, थेट इंटरनेटवर उघडणारे महाभाग आहेत. हा पोर्ट शोधत फिरणारे आणि पासवर्ड ठोकून बघणारे प्रोग्राम चोवीस तास चालू असतात. अशा दारातून रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, शिरलं की टॅलीचा डेटा आणि त्याच कॉम्प्युटरवरचा बॅकअप दोन्ही जातात. डेटा पाठवायच्या टीसीपी आणि यूडीपी अशा दोन पद्धती आहेत; व्हीपीएन टीसीपीवर असेल तर यूडीपीवर घ्या, जडपणा बराच कमी होतो. वायरगार्ड हे व्हीपीएन तर यूडीपीवरच चालतं.

आणि लाइट गेल्यावर सॉफ्टवेअरला शिव्या देऊ नका. ऑफिसचा राऊटर इन्व्हर्टरवर घ्या आणि बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाचं मूळ सेटिंग) वीज परत आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू होईल असं सेटिंग करून ठेवा.