बांबू तोडायचा कसा, म्हणजे रांझीही (बांबूचं बेट) टिकेल आणि पैसाही गावात राहील

गडचिरोली जिल्ह्यात कोरची तालुक्यातल्या आमच्या ग्रामसभेच्या वनव्यवस्थापन समितीत मी काम करते. ज्या गावांना सामूहिक वनहक्क (वनहक्क कायद्याने गावाला जंगलावर मिळणारा हक्क) मिळाला आहे, पण बांबूची पहिली तोड अजून व्हायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. दावा कसा भरायचा ते सांगणारे पुष्कळ आहेत. हक्क हातात आल्यावर कोयता कुठे मारायचा, हे सांगणारं कोणी भेटत नाही.

मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये हक्क मिळाला आणि २०११ पासून तिथली ग्रामसभा स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकू लागली. त्याआधी आपल्या जिल्ह्यातला बांबू वर्षानुवर्षं कागद कारखान्याला जायचा आणि गावाला मिळायची ती फक्त तोडीची मजुरी. आता मालकी आपली आहे. म्हणून जबाबदारीही आपलीच.

आधी जंगलाचे चार भाग पाडा. हद्द म्हणून नाला, पायवाट, जुनं मोहाचं झाड अशा खुणा घ्या, म्हणजे नकाशा न वाचता येणाऱ्यालाही त्या कळतील. दरवर्षी एकच भाग तोडायचा. म्हणजे एका रांझीवर पुन्हा कोयता पडेपर्यंत मध्ये चार पावसाळे जातात. हा ठराव पूर्ण ग्रामसभेत, बायामाणसं सगळी हजर असताना करा आणि वहीत लिहा. व्यापारी येईल, आगाऊ रकमेचं आमिष दाखवून सगळं जंगल एकदम मागेल. तेव्हा ती वही पुढे ठेवता येते.

तोड सुरू करायची धान कापून, मळणी आटोपल्यावर. पावसाळ्यात अजिबात नाही, कारण तेव्हा वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) निघतात आणि पायाखाली आलेला एक वास्ता म्हणजे एक बांबू गेला. वास्त्याची भाजी आमच्याही घरी होते, ती बंद करा असं मी म्हणणार नाही. घरापुरते, दाट रांझीतले घ्या, विकायला काढू नका. हिवाळी तोडीचा आणखी एक फायदा असा की, तेव्हा काठीत साखर कमी असते, त्यामुळे घुण कमी लागतो आणि माल टिकतो.

आता खरं काम. आपल्याकडे बहुतेक मानवेल जातीचा बांबू आहे. त्याची काठी एकाच पावसाळ्यात पूर्ण उंच आणि पूर्ण जाड होते, पुढे जाडी वाढत नाही, फक्त ती पिकते. म्हणून नुसती जाडी बघून तोडणारा माणूस हमखास कोवळी काठी तोडतो. पहिल्या वर्षाची काठी ओळखायची खूण म्हणजे बुडाशी खोळ (कोंबावरचं वाळकं आवरण) चिकटलेली असते आणि अंगावर पांढरट भुकटी दिसते. जुनी काठी पिवळसर, डागाळलेली असते आणि कोयत्याच्या पाठीने ठोकली तर खणखणीत वाजते. तीन वर्षं पुरी झालेलीच तोडा. गावातल्या बुरड (बांबूच्या वस्तू विणणाऱ्या) काकांना पहिले काही दिवस टोळीबरोबर न्या. त्यांच्या हाताला जे कळतं ते कागदावर उतरत नाही.

नवे कोंब रांझीच्या बाहेरच्या अंगाने येतात, जुन्या काठ्या मधे अडकतात. बाहेरच्या काठ्या तोडणं सोपं, म्हणून मजूर तिकडेच वळतो. तिथेच रांझी मरायला लागते. एका बाजूने घोड्याच्या नालासारखी वाट काढून आत शिरा, मधल्या पिकल्या, वाळक्या, वाकड्या काठ्या काढा. घाव जमिनीपासून १५ ते ४५ सेंटिमीटर, म्हणजे फार तर हातभर उंचीवर, पेराच्या (गाठीच्या) अगदी वर घाला. पेर सोडून वर तोडलं तर पोकळीत पाणी साचून बूड कुजतं. ज्या रांझीत दहाहून कमी काठ्या उभ्या आहेत, तिला हातच लावू नका.

कोणत्या काठ्या जातील त्यावर समितीच्या माणसाने आधी चुन्याची खूण करावी. मजुरी नगावर असते, त्यामुळे घाईत निवड चुकते. खूण नसलेली काठी डेपोत आली तर तिची मजुरी नाही, एवढा कडक नियम आम्ही ठेवला आहे आणि तो सगळ्यांना लागू आहे.

विक्रीआधी गावच्या गरजेचा, घरकुंपणाचा आणि बुरडांच्या सुपाटोपल्यांचा बांबू बाजूला काढा. उरलेला लांबीनुसार वेगळा रचून निविदा मागवा. वाहतूक परवाना आपली समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देते, वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांत ते स्पष्ट आहे. पैसे ग्रामसभेच्या बँक खात्यातच घ्या, हिशेब चावडीवर मोठ्याने वाचा. मजुरी भागल्यावर उरलेल्या रकमेतून जंगलासाठी वाटा आधी काढून ठेवा, मग बाकीचं ठरवा. आमची पोरं उन्हाळ्यात मिरची तोडायला तेलंगणात जायची. जाळरेषा (वणवा अडवणारे मोकळे पट्टे) काढणं, रांझीची सफाई, पाणवठ्याचं काम गावातच निघालं तर निदान काहींना तरी घर सोडावं लागत नाही.

जाळरेषा फेब्रुवारीत पुऱ्या करा, मोहफूल गळायच्या आधी. मोहाखालचा पाला जाळण्याऐवजी झाडून बाजूला करा, कारण तिथून सुटलेली आग कोवळ्या काठ्यांपर्यंत जाते.

ऑगस्टच्या शेवटी तोडलेल्या भागातल्या काही ठरावीक रांझींना रंगाची खूण करून नवे बांबू मोजा आणि वहीत नोंदवा. तोडलेल्यापेक्षा नवे कमी आले असतील, तर पुढच्या ग्रामसभेत चाराऐवजी पाच भाग पाडण्याचा विषय घ्या.