नाल्याकाठच्या भाजीची जनुकीय तपासणी करताय? या चुका टाळा

पावसाळ्यात बेळगावचा बळ्ळारी नाला फुगला की शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात शहराचं सांडपाणी शिरतं. पाणी ओसरलं की पुन्हा वाफे धरले जातात आणि मेथी, पालक, लाल भाजी बेळगावच्या बाजारात येते. ती खाऊन पेशींतल्या जनुकांना काही इजा होत असेल का, ही शंका रास्तच आहे. पण कच्च्या तपासणीवर कुणाच्या भाजीला विषारी ठरवलं तर त्या घरचा हंगाम बुडतो, आणि कच्च्याच तपासणीवर निर्धोक म्हटलं तर खाणाऱ्याशी प्रतारणा होते. म्हणून, कॉलेजच्या प्रकल्पांत वर्षानुवर्षं पाहिलेल्या चुका इथे लिहितो आहे.

आपल्याकडे परवडते ती कांद्याच्या मुळांवरची चाचणी. भाजीच्या अर्कात कांद्याची मुळं वाढवायची आणि टोकातल्या पेशी विभागताना गुणसूत्रं, म्हणजे जनुकं वाहणारे धागे, तुटतात का, पेशीच्या दोन टोकांमध्ये गुणसूत्राचा ताणलेला पूल दिसतो का, मुख्य केंद्रकाशेजारी एखादं सूक्ष्म केंद्रक पडलंय का, हे मोजायचं. कांद्याची गुणसूत्रं 16च आणि चांगली मोठी, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसतात. स्वीडनच्या आल्बर्ट लेव्हान यांनी ही पद्धत 1938 साली वापरात आणली. माणसाची गुणसूत्रं 46 असतात, हे 1956 साली जो हिन त्जिओ यांच्यासह दाखवणारे लेव्हान ते हेच.

नुसत्या पाण्याशी तुलना

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. एका भांड्यात नाल्याकाठच्या पालकाचा अर्क, दुसऱ्यात डिस्टिल्ड वॉटर, आणि फरक दिसला की दोष मातीचा! अहो, पालकाच्या अर्कात पालकाचं स्वतःचं किती काय काय असतं. अर्क दाट असला किंवा आंबट असला तरी मुळं खुंटतात. जिवाणूंवरच्या एम्स चाचणीत तर आणखी फसगत होते. ते जिवाणू हिस्टिडिन हे अमिनो आम्ल मिळाल्याशिवाय वाढत नाहीत; त्याशिवाय वाढले तर जनुक बदललं असं धरतात. पण भाजीत हिस्टिडिन आयतंच असतं. वसाहती वाढतात भाजीतल्या हिस्टिडिनवर, आपण मात्र म्हणतो जनुकं बदलली. भाज्यांत निसर्गतःच असणारं क्वेर्सेटिन हे द्रव्यही या चाचणीत होकारार्थी येतं, आणि त्याचा सांडपाण्याशी काही संबंध नाही.

म्हणून जोडी लावा ती त्याच भाजीची: तेच वाण, तेवढ्याच दिवसांची, स्वच्छ मातीतली. पाण्याचं भांडं राहू द्या, गुणसूत्रं मोडणारं एखादं माहितीतलं रसायनही तिसऱ्या भांड्यात ठेवा, म्हणजे चाचणी चालते आहे हे कळेल. पण निकाल जोडीवरूनच.

इथे आपल्या भागाची एक खास अडचण आहे. वडगावची माती काळी, खानापूरकडची तांबडी, जांभ्याची. खानापूर जंगलाकाठचं, म्हणून तिथली भाजी ‘स्वच्छ’ धरून आणतात. पण जांभ्यात क्रोमियम आणि निकेल हे जड धातू निसर्गतःच बरेच असू शकतात, शिवाय आम्ल मातीतून कॅडमियम हा तसलाच धातू पिकात लवकर चढतो. काळीची तुलना काळीशीच करा. त्याहून बरं म्हणजे कुंड्या: पूर येतो त्या तुकड्यातली माती आणि त्याच शिवारातल्या, पाणी न पोचणाऱ्या उंचवट्यावरची माती. बी एकाच पुडीतलं, पाणी एकाच बोअरचं.

फवारणी विचारायला विसरू नका. काही कीटकनाशकं स्वतःच गुणसूत्रांना इजा करतात. शेवटची फवारणी केव्हा नि कशाची केली याची नोंद नसेल तर मातीवर आळ घेऊ नका.

‘सर, एकही पेशी विभागत नाही’

एकदा एक विद्यार्थिनी आनंदाने सांगत आली, नाल्याकाठच्या मेथीच्या अर्कात पेशींची विभागणी पूर्ण थांबली. स्लाइड पाहिली. लांबट, एकसारख्या, विटकरीच्या भिंतीसारख्या रचलेल्या पेशी. तिने मुळाचा एक सेंटिमीटर तुकडा कापून मधलाच भाग चिरडला होता. विभागणारा भाग म्हणजे टोकाचे एक-दोन मिलिमीटर. रंग दिल्यावर तेवढाच ठिपका गडद दिसतो. तो ठिपका घेऊन पुन्हा स्लाइड केली, तर विभागणाऱ्या पेशी होत्याच.

मुळं सकाळी कापा, विभागणी तेव्हा जास्त सापडते. कापलेली मुळं लगेच तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये दिवसभर ठेवा. कांदा ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्या. कोंब फुटू नयेत म्हणून प्रक्रिया केलेला बाजारचा कांदा मुळंच नीट धरत नाही. आणि स्लाइडवर ‘वडगाव’ असं लिहू नका. दुसऱ्या कुणाकडून अंक घालून घ्या आणि मोजणी संपेपर्यंत यादी पाहू नका. मनात संशय असला की डोळ्यांना पूल दिसायला लागतात, हे माझ्याही बाबतीत झालेलं आहे.

विभागणी कमी होणं आणि गुणसूत्रं तुटणं या गोष्टी वेगळ्या. पहिलीचा अर्थ अर्क पेशीला झेपला नाही, एवढाच. मुळांची वाढ निम्म्याहून कमी झाली असेल तर अर्क पातळ करून पुन्हा सुरुवात करा.

धातूंचे आकडे

सोबत कॅडमियम-शिसं मोजून घेतलं नाही, तर इजा कशाने झाली हे कळत नाही. भाजी घरी धुतो तशी नळाखाली, मग डिस्टिल्ड वॉटरने धुवा, नाहीतर रस्त्याची धूळ मोजली जाते. मिक्सरमध्ये वाटू नका. स्टीलच्या पात्यातून क्रोमियम आणि निकेल नमुन्यात उतरतं.

प्रयोगशाळा बहुधा वाळलेल्या भाजीचा आकडा देते, आणि मर्यादा असते ताज्या भाजीची. समजा पालकात कॅडमियम किलोला 1.5 मिलिग्रॅम आलं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांतली पालेभाजीची मर्यादा 0.2, म्हणजे सातपटींहून जास्त, असं वाटून घाबरायला होतं. पण ताज्या पालकात साधारण 92 टक्के पाणी. ताज्या वजनावर तोच आकडा 0.12 होतो. उलटही घडतं: ताज्याचा आकडा वाळलेला समजून कुणी निर्धास्त होतो.

अहवालाची भाषाही नीट पाहा. आमच्या ओळखीच्या एका काकांकडे मातीचा कन्नड अहवाल आला होता. ‘भार लोह’ जास्त आहे, हे नातवाने वाचून दाखवलं. काका मला म्हणाले, ‘लोह हाय म्हणजे चांगलंच की, सर. अंगात रक्त वाढतंय.’ कन्नडमध्ये लोह म्हणजे कुठलाही धातू. आपल्या लोखंडाला तिथे कब्बिण म्हणतात. तो अहवाल शिसं आणि कॅडमियमबद्दल सांगत होता.

काकांना समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारलं, ‘तर लावायचं काय?’ गुणसूत्रांचा निकाल हाती यायचा होता, त्यामुळे पालकाला विषारी म्हणायचा मला अधिकार नव्हता. एवढं सांगू शकलो की पालेभाजीत कॅडमियम जास्त साठतं, फळभाजीत आणि शेंगांत सहसा कमी. तेव्हा नाल्याकडच्या चार वाफ्यांत यंदा दोडका आणि बीन्स घ्या, पालक वरच्या तुकड्यात. दोन्ही तुकड्यांतली माती आम्ही त्याच दिवशी वेगवेगळ्या पोत्यांत भरली, कुंड्यांसाठी.